आपला रिपोर्ट शेवटी कोण वाचतं?

मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच पण एका मालकाच्या नसलेल्या सोशल नेटवर्कवर, एखादी घाण पोस्ट दिसली आणि आपण रिपोर्टचं बटण दाबलं की तो रिपोर्ट कुठल्या कंपनीच्या ऑफिसात जात नाही. तिथे सगळ्यांची मालक अशी एक कंपनीच नाही. तो जातो आपला सर्व्हर, म्हणजे आपलं खातं ज्या मशीनवर आहे ते, चालवणाऱ्या माणसाकडे, आणि तो माणूस त्या वेळी जेवत असेल, झोपला असेल, नाहीतर स्वतःच्या नोकरीच्या मीटिंगमध्ये बसला असेल. पगार त्याला या कामाचा सहसा नसतो. बऱ्याचदा उलट सर्व्हरचं भाडं तोच खिशातून भरतो. ही एवढी गोष्ट नीट डोक्यात बसली तर तिथे कसं वागायचं याचे अर्धे नियम कोणी सांगायची गरजच पडत नाही, पण ती बसत नाही, कारण आपल्या सगळ्यांना पंधरा-वीस वर्षं फुकटच्या मोठ्या साइट्सची सवय लागलीय, तिथे पलीकडे कोणी माणूस आहे असं वाटतच नाही आणि त्या साइट्सनाही तसं वाटू द्यायचं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोचको या तरुणाने सुरू केलं, कोड सगळ्यांसाठी खुला, कोणीही आपला सर्व्हर उभारावा. हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, २०१८ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. म्हणजे मी नागपूरच्या एका छोट्या सर्व्हरवर आणि तुम्ही फ्रान्समधल्या, तरी मी तुम्हाला फॉलो करू शकते. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब, चर्चेसाठी लेमी, हे सगळे याच गोतावळ्यातले. मालक एक नाही. जाहिराती नाहीत, आणि तुम्ही काय बघावं ते ठरवणारं अल्गोरिदम नाही, जे आलं ते वेळेच्या क्रमाने दिसतं.

आपल्याकडे पहिल्यांदा याचं नाव गाजलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट त्याआधी ऑक्टोबरात पहिल्यांदा बंद झालं, कारण काय तर नाझी सलाम करायला नकार देत हात बांधून उभ्या असलेल्या एका माणसाचा जुना फोटो त्यांनी लावला होता. त्याच दिवसांत ट्विटरवर जातीय भेदभावाचे आरोप जोरात सुरू होते, दलित-बहुजन लिहिणाऱ्यांची अकाउंटं बंद होतात आणि शिवीगाळ करणारे मोकळे फिरतात असं लोक उघड म्हणत होते, आणि मग एका लाटेत बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. आमच्या नागपूरच्या ओळखीतलेही गेले. दुसरी लाट २०२२ ची, ऑक्टोबरच्या शेवटी मस्कने ट्विटर घेतलं आणि दोनेक महिन्यांत मॅस्टोडॉनचे महिन्याला वापरणारे लोक ३ लाखांच्या आसपासवरून २५ लाखांवर गेले.

त्या २५ लाखांची सोय कोणी केली? ज्यांचे सर्व्हर आधीपासून होते त्यांनीच, रात्री जागून. मशीन वाढवली, पैसे टाकले, नवीन आलेल्यांचे तेच तेच प्रश्न सोसले. या गोष्टीबद्दल कुठे फारसं कौतुक झालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

मी ज्या सर्व्हरवर आहे तो चालवणारा मुलगा मानेवाड्याकडे राहतो, दिवसा नोकरी करतो, मला ताई म्हणतो. मे महिन्यात एकदा त्याच्या घरी गेले होते, बाहेर ऊन म्हणजे आपलं नेहमीचं नागपूरचं, रस्त्यावर कुत्रं नाही, आत कूलरचा खडखडाट, आणि हा लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचं पान उघडून बसलेला. मी म्हटलं दाखव तरी काय असतं त्याच्यात. डावीकडे यादी: रिपोर्ट, अकाउंटं, नवीन अर्ज, ब्लॉक केलेले सर्व्हर. एका ठिकाणी रांगेचा आकडा, म्हणजे बाहेर पाठवायच्या आणि बाहेरून आलेल्या किती पोस्ट अजून मार्गी लागायच्या आहेत. एका ठिकाणी डिस्क, किती भरली. ती डिस्क लालकडे चालली होती. मला वाटलं आमच्या लोकांनी फार फोटो टाकले असतील, तर तसं नव्हतं. मॅस्टोडॉनचं असं आहे की आपल्या सर्व्हरवरचा कोणी बाहेरच्या कोणाला फॉलो करतो तेव्हा त्या बाहेरच्या माणसाच्या पोस्ट, फोटो, त्याचा प्रोफाइलचा फोटो, लिंकच्या खाली दिसणारं छोटं चित्र, सगळ्याची एक प्रत आपल्या सर्व्हरवर येऊन पडते. तसंच उलट. मी टाकलेला फोटो, माझे फॉलोअर जितक्या सर्व्हरवर पसरलेत तितक्या ठिकाणी जाऊन बसतो. अ‍ॅडमिन लोक बाहेरून आलेल्या या जुन्या प्रती काही दिवसांनी उडवतात, नाहीतर कोणाचीच डिस्क पुरणार नाही, पण येणं थांबत नाही.

आता याच्यात आपल्या गुड मॉर्निंगच्या चित्रांचा विचार करा. गुलाबाचं फूल, चहाचा कप, सूर्य, सुविचार. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा भार कुठल्यातरी बलाढ्य कंपनीवर. इथे तेच चित्र शंभर स्वयंसेवकांच्या डिस्कवर जातं, रोज सकाळी, आणि त्यातल्या बहुतेकांना ते वाचताही येत नाही. मी कोणाला शुभेच्छा देऊ नका म्हणत नाही, शब्दांत द्या ना, पाचशे अक्षरं मिळतात तिथे, दोन ओळीत सकाळ छान होते. चित्र टाकायचं तर आपण काढलेलं टाका, साइज थोडी कमी करून टाका. मोठा व्हिडिओ असेल तर पीअरट्यूबवर ठेवून लिंक द्या, फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट नावाच्या संस्थेने ते बनवलंय आणि त्याची रचनाच अशी की बघणारे लोक आपसात तुकडे वाटून घेऊ शकतात, सगळा बोजा एका मशीनवर पडत नाही.

लिंकचंही तसंच आहे आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. लिंक टाकली की तिचा प्रिव्ह्यू, म्हणजे खाली दिसणारं चित्र आणि शीर्षक, प्रत्येक सर्व्हर आपापला आणायला जातो. बऱ्याच फॉलोअरवाल्या माणसाने एखाद्या छोट्या मराठी ब्लॉगची लिंक टाकली तर मिनिटाभरात शेकडो सर्व्हर त्या ब्लॉगचं दार वाजवतात, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर असेल तर तो बिचारा झोपतो. म्हणून लिंक देऊच नये असं नाही, द्यावीच, पण एकच लिंक सकाळ-दुपार-संध्याकाळ परत परत नवीन पोस्टमध्ये टाकण्यापेक्षा जुनीच पोस्ट बूस्ट करावी, म्हणजे आहे तीच परत पुढे पाठवावी. दुसऱ्या साइटवरून आपोआप सगळं इकडे ओतणारे बॉट लावून ठेवणाऱ्यांबद्दल तर मला स्पष्टच बोलायचंय: तुम्ही इथे येत नाही, उत्तरं देत नाही, मग इथल्या माणसाच्या डिस्कवर तुमचा माल कशाला? बॉटच चालवायचा असेल तर प्रोफाइलमध्ये तो बॉट आहे अशी खूण करायची सोय आहे, ती करा, आणि आधी अ‍ॅडमिनला विचारा.

परत रिपोर्टकडे येते, कारण मला खरं तर याच्याचबद्दल लिहायचं होतं.

त्या मे महिन्यातल्या दिवशी आमच्या अ‍ॅडमिन मुलाने एक रिपोर्ट उघडून दाखवला. कोणी केला, कोणाविरुद्ध, खाली जोडलेल्या पोस्ट, बाजूला बटणं: मिटवा, मर्यादा घाला, सस्पेंड करा. आणि रिपोर्ट करणाऱ्याने काय लिहिलंय तर फक्त 'कारवाई करा'. जोडलेली पोस्ट एकच, ती पण कुठल्यातरी लांबलचक वादातली मधलीच. तो म्हणाला, "ताई, रिपोर्ट तं आला, पण याच्यात नेमकं काय खटकलं ते लिहिलंच नाही ना त्यानं. आता मी पुरा वाद वाचत बसू काय?" आणि वाचत बसला तो, वरपासून खालपर्यंत. शेवटी सापडलं, आणि सापडलं ते खरंच भयंकर होतं, एका मुलीच्या जातीवरून अत्यंत नीच बोललेलं, फक्त शब्द साधे, शिवी एकही नाही. सूचक बोलायची जी पद्धत असते आपल्याकडे, आडनाव विचारायचं, वस्तीचं नाव घ्यायचं, सवलतीवरून टोमणा मारायचा. नागपूरच्या माणसाला एका सेकंदात कळतं. पण ज्याने लिहिलं तो दुसऱ्या सर्व्हरवरचा, आणि तिथला मॉडरेटर, म्हणजे रिपोर्ट तपासणारा, युरोपातला. त्याला काय कळणार?

रिपोर्ट करताना एक पर्याय येतो, त्या दुसऱ्या सर्व्हरलाही याची प्रत पाठवायची का म्हणून. प्रत आपल्या नावाशिवाय जाते, पण आपण लिहिलेली टीप मात्र जशीच्या तशी जाते. आपल्या मराठी लोकांसाठी ही टीप म्हणजे सगळ्यात महत्त्वाची जागा. तिथे साध्या इंग्रजीत तीन-चार वाक्यं लिहायची: या पोस्टमध्ये वरवर काय म्हटलंय, त्याचा आमच्याकडे अर्थ काय घेतला जातो, कोणाला उद्देशून आहे, आणि तुमच्या सर्व्हरच्या कुठल्या नियमात हे बसतं. पोस्ट एक नाही, लागतील तेवढ्या जोडायच्या, म्हणजे त्याला शोधत बसावं लागत नाही. नियम आधी वाचायचे, प्रत्येक सर्व्हरच्या माहितीच्या पानावर असतात. टीपेत स्वतःचा किंवा त्या मुलीचा पत्ता-फोन असलं काही टाकायचं नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पलीकडच्याचंही बऱ्याचदा तसंच असतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तशी टीप लिहिली आणि पाठवली, आणि पलीकडून अकाउंट काढल्याचं दिसलं. हेच 'कारवाई करा' एवढ्यावर गेलं असतं तर त्या मॉडरेटरने पोस्ट बघितली असती, काहीच आक्षेपार्ह दिसलं नसतं, आणि रिपोर्ट तसाच मिटवला असता. त्याची चूक म्हणता आली नसती.

उलटंही होऊ शकतं. समजा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, नागपूरच्या महाल भागातल्या रस्त्यावर तुफान गर्दी, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून आरडाओरडा, आणि शेवटी पुतळा जळतोय. नागपूरकराला वर्षाचा सण दिसतो, हेलसिंकीतल्या मॉडरेटरला जमाव बाईचा पुतळा जाळतोय असं दिसू शकतं. एक ओळ वर लिहायची की हा आमच्या शहराचा जुना सण आहे, रोगराई-संकटं या पुतळ्यांबरोबर गावाबाहेर न्यायची म्हणून. त्याचंही काम वाचतं, आपलंही.

दुसऱ्याचा विचार करून वागा असं सांगितलं की काही लोक त्याचा अर्थ गोड बोला असा घेतात, आणि मला त्याची भीती वाटते. मॅस्टोडॉनवर पोस्टच्या वर इशारा लावायची सोय आहे, मजकूर त्याच्या मागे झाकला जातो, वाचायचं त्याने उघडायचं. रक्ताचे फोटो, आत्महत्येबद्दलचा मजकूर, सिनेमाचा शेवट, यांना तो जरूर लावावा. पण २०२२ च्या लाटेत तिथे आलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी जी तक्रार केली होती ती मला अगदी आतून पटते: आम्ही वंशभेदाच्या अनुभवाबद्दल लिहिलं की लगेच कोणी येऊन म्हणतं इशारा लावा, त्रास होतो. आपल्याकडे जातीबद्दल लिहिणाऱ्याला हेच ऐकावं लागतं. माझं मत ठाम आहे, स्वतःच्या जगण्याबद्दल लिहिणाऱ्याला झाकून लिही म्हणून सांगणं हा काही सभ्यपणा नाही. तुम्हाला नको असेल तर तुमच्याकडे फिल्टर आहे, म्यूट आहे, ते तुमचं तुम्ही वापरा, अ‍ॅडमिनला मधे ओढू नका. नुसती मतं पटत नाहीत म्हणून रिपोर्ट करणारे तर अ‍ॅडमिनची रात्र उगाच खातात. म्यूट-ब्लॉकने भागत असेल तिथे म्यूट-ब्लॉक, आणि दुसऱ्या कोणाला खरा धोका असेल तिथे रिपोर्ट.

फोटोला वर्णन लिहिणं मात्र मी कोणालाही सांगते, अगदी मागे लागून सांगते. मोबाइलवर फोटो जोडला की वर्णनाचा रकाना येतो. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीनरीडर तेच वाचून दाखवतो. 'फोटो' एवढं लिहून काय उपयोग? धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा फोटो असेल तर लिहायचं, 'दीक्षाभूमीचा पांढरा घुमट, समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची लांब रांग, एकीच्या कडेवर निळी टोपी घातलेलं पोर झोपलंय.' झालं. आणि पोस्टची भाषा मराठी निवडायची, लिहायच्या रकान्यातच छोटं बटण असतं. कारण ती इंग्रजी राहिली तर काही स्क्रीनरीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातात आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. भाषा बरोबर असली की एनव्हीडीएसारखा फुकट स्क्रीनरीडरसुद्धा मराठी वाचतो. शिवाय ज्यांना मराठी येत नाही त्यांना मराठी पोस्ट बाजूला काढता येतात, ज्यांना हवी त्यांना सापडतात. अल्गोरिदम नसल्यामुळे आपलं लिखाण पोहोचतं ते हॅशटॅगने आणि बूस्टने, आवडल्याचा तारा दाबून फक्त लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पोस्ट पुढे जात नाही. आवडलं तर बूस्ट करा.

खाजगी निरोपांबद्दल एकच सांगते. ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नाहीत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अ‍ॅडमिनला डेटाबेसमध्ये दिसू शकतात, आणि त्यात तिसऱ्याचं नाव अ‍ॅटच्या खुणेसकट लिहिलं तर तो तिसराही त्या संभाषणात येऊन पडतो. गुपितं दुसरीकडे बोला. अ‍ॅडमिनलाही ते ओझं नको असतं.

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. पण दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जे भोजनदान चालतं ते बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, तिथे जेवण फुकट असतं म्हणजे ते कोणीतरी वर्गणी काढून, पहाटे उठून शिजवलेलं असतं, आणि जेवून झाल्यावर पत्रावळ कुठे टाकायची हे पाहुण्यालाही कळतं. सर्व्हरला महिन्याला पन्नास-शंभर रुपये यूपीआयने दिले तर कोणाचं अडणार नाही. परदेशी सर्व्हरला दर महिन्याचे पैसे कार्डवरून आपोआप जाणं रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर थोडं कटकटीचं झालं, मग वर्षातून एकदा एकदम द्या. आणि द्यायला जमत नसेल तरी अपराधी वाटून घेऊ नका, नवीन आलेल्याला चार गोष्टी समजावून सांगणं हेही देणंच आहे.

कारण सर्व्हर बंद पडतात, ही खरी गोष्ट आहे. २०२३ मध्ये मॅस्टोडॉन डॉट लोल नावाचा सर्व्हर बंद झाला, त्याच्यावर १२ हजारांच्या आसपास लोक होते, आणि चालवणारा वादावादीला आणि अंगावर येणाऱ्या द्वेषाला कंटाळून बाहेर पडला. बॉटांसाठीचा बॉट्सइन डॉट स्पेस हा सर्व्हर २०२४ च्या शेवटी थांबला, खर्च आणि मेहनत झेपेना म्हणून. आपल्याकडे तर अ‍ॅडमिनच्या डोक्यावर आयटी कायदाही आहे. ५० लाखांच्या वर वापरणारे असतील तर नियम आणखी कडक होतात हे खरं, पण छोटा सर्व्हरही कायद्याने मध्यस्थच, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणारा आणि पोहोचवणारा, तक्रार अधिकारी त्यालाही लागतो, आणि आमच्याकडे तो अधिकारी म्हणजे तोच मानेवाड्याचा मुलगा. आपण तावातावाने काही खोटंनाटं लिहिलं आणि नोटीस आली तर त्याच्या घरी येते. लिहायच्या आधी खात्री करून घेण्याचं मला याहून मोठं कारण सुचत नाही.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर सर्व्हरने काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: रोज बॅकअप, वर्णद्वेष-लिंगभेदाविरुद्ध खरंखुरं मॉडरेशन, अडीअडचणीला सर्व्हरचा ताबा घेऊ शकेल असा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं तर तीन महिने आधी सूचना. सर्व्हर निवडताना हे बघा. सगळे जण एकाच मोठ्या मॅस्टोडॉन डॉट सोशलवर जाऊन बसले तर विकेंद्रित म्हणण्यात काही राम राहत नाही, छोटा निवडा, आपल्या भाषेचा असेल तर फारच छान. आणि आपल्या फॉलो-ब्लॉकच्या याद्या अधूनमधून उतरवून ठेवा. दुसरीकडे घर बदललं तर फॉलोअर सोबत येतात, पोस्ट येत नाहीत, आणि त्यासाठीही जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो.

त्यातली 'आणखी एक माणूस' ही अट आमच्याकडे बरेच दिवस कागदावरच होती, सगळं त्या एकाच पोरावर. आता तसं नाही. सर्व्हरच्या चाव्या त्याच्या एका मित्राकडेही आहेत, आणि मराठी रिपोर्ट आम्ही तिघं वाटून वाचतो, मी, गोंदियाची एक शिक्षिका आणि पुण्यात शिकणारा एक मुलगा. मिळालेला रिपोर्ट आधी आमच्यापैकी एक वाचतो, संदर्भाची टीप लिहितो, दुसऱ्याचं मत घेतो आणि मगच अ‍ॅडमिनकडे देतो. अकाउंट काढायचा निर्णय एकट्याने कोणी घेत नाही. ज्याच्यावर कारवाई होते त्याला कारण मराठीत कळवतो, आणि त्याचं म्हणणं आलं तर तेही वाचतो. परीक्षांच्या दिवसांत शिक्षिकाबाई आणि तो मुलगा दोघंही अडकतात आणि मग मी एकटी पुरत नाही, म्हणून आम्हाला अजून एक जण हवाय. वऱ्हाडी कळणारं कोणी असेल, रात्री अर्धा तास देऊ शकत असेल आणि वाईट वाचून झोप उडणार नाही असं वाटत असेल, तर सर्व्हरच्या माहितीच्या पानावर अ‍ॅडमिनचं खातं आहे, तिथे कळवा.